मॉरिशस ते रॉड्रिग्ज: पाऊण तास म्हणणाऱ्याला आधी विमान कोणतं ते विचारा

मुद्द्याचं आधी सांगतो. मॉरिशसच्या मुख्य बेटावरून रॉड्रिग्जला, म्हणजे त्याच देशाच्या पूर्वेकडच्या छोट्या बेटावर, विमानाने जायला साधारण दीड तास लागतो. पाऊण तास नाही, तासभरही नाही. आणि हा दीड तास म्हणजे नुसता विमानातला. ग्राँ बेच्या हॉटेलच्या दारात आम्ही पहाटे साडेपाचला बॅगा घेऊन उभे होतो, आणि रॉड्रिग्जमधल्या पोर्ट मॅथ्युरिनच्या खोलीत पाठ टेकली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. मुंबईहून मॉरिशसला येताना 4,700 किलोमीटरला सहा तासांच्या थोडं वर लागलं. हे 600 किलोमीटर त्याहून महाग पडले.

पाऊण तासाचं पिल्लू आमच्या एजंटने सोडलं. "सर, पंचेचाळीस मिनिटांची फ्लाइट आहे. चहा येईपर्यंत उतरायची वेळ होते." वर पुरावा म्हणून मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ काढून त्याचा फोटो पाठवला. अंतर 598 किलोमीटर, वेळ पंचेचाळीस मिनिटं. आता यातलं अंतर बरोबर आहे. वेळ साफ चूक आहे. आणि ह्या चुकीवर त्याने आमच्या सहलीच्या शेवटाचं सगळं वेळापत्रक रचून ठेवलं होतं, म्हणून एवढं लिहायला बसलो.

अंतराचा घोळ आधी मिटवू. बऱ्याच माहितीपत्रकांत रॉड्रिग्ज मॉरिशसपासून 560 किलोमीटरवर आहे असं लिहिलेलं असतं. तो आकडा गोळाबेरजेचा आहे. मॉरिशसचा विमानतळ प्लेझान्सला, म्हणजे बेटाच्या आग्नेय भागात. रॉड्रिग्जचा प्लेन कोराईला, त्या बेटाच्या नैऋत्य टोकाला. म्हणजे दोन्ही विमानतळ आपापल्या बेटाच्या एकमेकांकडे तोंड केलेल्या बाजूला आहेत, यापेक्षा जवळ आणायचे म्हटले तरी फार काही वाचणार नाही. अक्षांश-रेखांश घेऊन मोजलं की 600ला एक-दोन कमी येतात. 600 धरा आणि पुढे चला.

वेळ चुकते ती भागाकारात. हे हिशेब करणारे मोठ्या जेट विमानाचा वेग धरतात, ताशी 800 किलोमीटर. 600 भागिले 800, पाऊण तास. पण रॉड्रिग्जला जेट जातच नाही. तिथे जातं ते एटीआर 72, दोन पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. त्याचा वेग ताशी 500च्या आसपास. म्हणजे नुसतं हवेतलं सरळ अंतर कापायलाच सव्वा तास. त्यात धावपट्टीपर्यंत रखडत जाणं, वर चढणं, उतरताना वळसा घेऊन रांगेला लागणं, हे सगळं मिळवा. तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ छापलेली असते. ती वजा करायला एजंट लागत नाही. दोन्ही बेटांचं घड्याळ एकच आहे, त्यामुळे ही वजाबाकी खरी येते. मुंबई-मॉरिशसची तशी येत नाही, कारण मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. जाताना तिकिटावर प्रवास दीड तासाने छोटा दिसतो, येताना तेवढाच मोठा. तिथेही लोक फसतात.

पाऊण तासाचं विमान मॉरिशसहून आहे हो. पण ते उलट दिशेला, पश्चिमेला, रियुनियनला जातं. ते अंतर 230 किलोमीटर. एजंटने ते ऐकलेलं असावं आणि बेट म्हणजे बेट असं समजून आमच्या गळ्यात मारलं असावं.

जेटच का जात नाही, हेही कळून घ्या, कारण सामानाचा प्रश्न त्यातूनच येतो. प्लेन कोराईची धावपट्टी जेमतेम 1,300 मीटर आहे. प्लेझान्सची तीन किलोमीटरच्या वर. एवढ्या आखूड पट्टीवर मोठं विमान उतरवता येत नाही, आणि छोट्या विमानातही वजनाचा हिशेब कडक ठेवावा लागतो. लांब धावपट्टीचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. ती पुरी झाली की हा लेख शिळा होईल आणि मला आनंदच वाटेल. तोवर मुंबईच्या तिकिटावर 23 किलो लिहिलंय म्हणून तेवढ्याच बॅगा घेऊन रॉड्रिग्जच्या काउंटरवर उभं राहू नका. ह्या फेरीचं तिकीट वेगळं काढलं असेल तर मर्यादा त्या तिकिटावरची लागू होते, आणि ती कमी असू शकते. आम्ही मोठी बॅग हॉटेलात ठेवून प्रत्येकी एक पाठपिशवी नेली. हा एक निर्णय मात्र झकास झाला.

आता टॅक्सी. ह्या प्रवासातला सगळ्यात वाईट तुकडा आकाशात नाही, जमिनीवर आहे, आणि तो मॉरिशसच्या जमिनीवर आहे.

ग्राँ बे बेटाच्या उत्तरेला आणि विमानतळ दक्षिणेला. नकाशात बेट एवढंसं दिसतं, पण हे अंतर रस्त्याने सत्तरच्या आसपास जातं. दिवसाउजेडी, रस्ता मोकळा असताना सव्वा तास. अडचण अशी की उत्तरेकडून येणारा मुख्य महामार्ग पोर्ट लुई या राजधानीच्या शहराला बगल देत नाही. बंदर आणि त्याला लागून असलेल्या कॉडन बाजारपेठेच्या कडेने शहराच्या पोटातूनच जातो. आणि सकाळी सातच्या आगेमागे उत्तरेकडची सगळी जनता कामाला पोर्ट लुईत शिरत असते. साडेपाचला गाडी निघाली असती तर आम्ही गर्दीच्या पुढे राहिलो असतो. गाडी आली सहा वाजून दहा मिनिटांनी. चालकाचा चेहरा असा की आम्हीच उशीर केला.

पांपलमूसपर्यंत ठीक चाललं. बाहेर उसाची शेतं, मधूनच दगडांचे काळे ढीग, शेत साफ करताना काढून रचलेले. मग शहराच्या तोंडाशी सगळं थांबलं. पुढे बस, मागे ट्रक, शेजारच्या गाडीत एक बाई आरशात बघून निवांत लिपस्टिक लावतेय. तिला रोजचं आहे. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय, बायकोने माझा हात धरून खाली ठेवला. अर्ध्या तासात आम्ही किती सरकलो असू? ज्या पेट्रोल पंपापाशी थांबलो होतो, तो अजून मागच्या काचेत दिसत होता.

शहर ओलांडल्यावर चालकाने गाडी अशी दामटली की मघाची कोंडी बरी वाटावी. सव्वाआठला प्लेझान्स. आदल्या संध्याकाळी 2,200 ठरले होते, तिकडचे रुपये. बॅगा काढायच्या आधी तो म्हणाला 3,000. पहाटेचा दर वेगळा, सामानाचे वेगळे, आणि कोंडीत थांबावं लागलं त्याचे वेगळे. कोंडीत आम्हीही थांबलो होतो, आमचे कोण देणार? पण विमान समोर आणि डिकीचं बटण त्याच्या हातात. 2,700वर तुटलं. वरचे पाचशे म्हणजे आपले नऊशेच्या पुढे. एक लक्षात ठेवा, तिकडचा रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या मधे कुठेतरी असतो. "रुपये" शब्द ओळखीचा म्हणून कान सैल सोडतो माणूस, आणि आकडा ऐकून स्वस्त वाटतं. टॅक्सी ठरवताना आकडा कागदावर लिहून घ्या, त्यावर "सामानासकट, पहाटेचा" असं लिहून घ्या आणि तो कागद निघण्याआधी चालकाला दाखवा. हॉटेलच्या माणसासमोर दाखवा. हे मी गमतीने सांगत नाहीये.

त्याहून सोपा उपाय आहे आणि तोच करा. रॉड्रिग्जला जायच्या आदल्या रात्री ग्राँ बेला राहू नका. माहेबुर्गला किंवा ब्लू बेला रहा. विमानतळ तिथून दहा-पंधरा मिनिटांवर. माहेबुर्ग म्हणजे जुनं, थोडं मरगळलेलं बंदराचं गाव, खोल्या उत्तरेपेक्षा स्वस्त, आणि ब्लू बेचं पाणी उत्तरेकडच्या कुठल्याही किनाऱ्याला हार जाणार नाही. पोर्ट लुईहून माहेबुर्गला जाणाऱ्या बस विमानतळावरून जातात. मेट्रोवर मात्र भिस्त ठेवू नका. ती आपल्या एल अँड टीने बांधली, 2022 पासून पोर्ट लुईहून क्युरपीपपर्यंत जाते, स्वच्छ आहे, वेळेवर आहे, पण विमानतळापर्यंत जात नाही.

विमानात मागच्या दाराने चढायचं असतं, कारण ह्या विमानात सामानाची खोली पुढे असते. त्यामुळे मागची सीट मिळाली तर उतरताना तुम्ही पहिले. आवाजाच्या दृष्टीनेही मागचंच बरं, पंखे पुढच्या भागाच्या जवळ असतात आणि दीड तास कानात गिरणी चालते. पंख वर असल्यामुळे खाली बघायला काही आड येत नाही. बघायला मात्र काही नाही. मॉरिशसचा किनारा सुटला की निळं पाणी, ढगांच्या सावल्या, पुन्हा पाणी. मधे एकही बेट नाही. झोपा.

शेवटची दहा मिनिटं जागे रहा. रॉड्रिग्जभोवतीचं खाजण बेटाच्या दुपटीहून मोठं आहे, त्यामुळे आधी प्रवाळाच्या भिंतीवर फुटणारी पांढरी रेघ दिसते, मग उथळ हिरवं पाणी, आणि बऱ्याच वेळाने जमीन. मी पंखाच्या थोडा मागे बसलो होतो. एटीआरचं चाक विमानाच्या पोटाच्या बाजूने बाहेर येतं, तेव्हा खिडकीतून ते खाली येताना दिसलं, अगदी हाताच्या अंतरावर. जमीन वर येत गेली, चाक स्थिर होतं, आणि टेकल्याक्षणी त्यातून पांढऱ्या धुराचा एक भपका निघाला नि रबर गरगर फिरायला लागलं. एवढी वर्षं विमानाने फिरतोय, हे कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. लगेच जोराचा ब्रेक. पट्टी आखूड आहे हे तुमच्या छातीलाच कळतं.

पण त्याआधीची गोष्ट राहिली, आणि आमच्यासाठी तीच सगळ्यात कामाची ठरली. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते. आम्ही दोघं टॅक्सीवाल्याच्या नावाने मराठीत बोटं मोडत होतो ते त्यांनी ऐकलं आणि जरा वेळाने विचारलं, "तुम्ही महाराष्ट्राचे?" मॉरिशसचे मराठी. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला आले होते. हे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, मुलगी रॉड्रिग्जला नोकरीला, तिच्याकडे निघाले होते. बोलणं जरा जुन्या वळणाचं, मधूनच तिथल्या क्रिओल भाषेतले शब्द. गणपतीची तिथे सरकारी सुट्टी असते, त्यांच्या घरचं विसर्जन नुकतंच झालं होतं.

"परत कधी?" त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली आणि म्हटलं, त्याच रात्री मुंबईचं विमान आहे.

"त्याच रात्री? मधे किती तास?"

"तीन."

"एकच तिकीट की दोन?"

"दोन."

काका काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. मग म्हणाले, "आमच्यात कुणी असं करत नाही, बाळा. मुलीच्या लग्नाला निघाला तरी माणूस एक रात्र मोकळी ठेवतो. वारा कुणाच्या तिकिटाकडे बघून वाहत नाही."

त्यांचं म्हणणं नीट समजून घ्या, कारण हे तुम्हाला एजंट सांगणार नाही. रॉड्रिग्जहून निघणारं विमान हे बहुतेक वेळा मॉरिशसहून नुकतंच आलेलं विमान असतं. ते आलं, माणसं उतरली, नवी चढली, परत फिरलं. सकाळची एक फेरी रखडली की पुढच्या फेऱ्या एकापाठोपाठ घसरतात. त्यात प्लेन कोराई उघड्या टोकावर, आग्नेयेकडून येणारा वारा वर्षभर चालू, जून ते सप्टेंबरमधे जास्तच. धावपट्टी साधारण त्या वाऱ्याच्याच रेषेत बांधलीय म्हणून निभावतं. पण ढग खाली आले आणि पाऊस लागला की वैमानिक थांबतो, आणि थांबायलाच हवं. दोन तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. बॅगही पुढे आपोआप जात नाही, प्लेझान्सला उतरून ती ताब्यात घ्यायची, वरच्या मजल्यावर जायचं, पुन्हा रांग, पुन्हा काउंटर, मग इमिग्रेशन. तीन तासांत हे बसतं, सगळं वेळेवर झालं तर. सगळं वेळेवर झालं तर हेही सांगायची गरज उरत नाही.

पोर्ट मॅथ्युरिनला पोचल्यावर पहिलं काम परतीचं तिकीट एक दिवस अलीकडे आणण्याचं केलं. तारीख बदलायचे पैसे पडले. एजंटला कळवलं तर उत्तर आलं, "ओके सर, ॲज यू विश."

प्लेन कोराईहून पोर्ट मॅथ्युरिन बेटाच्या दुसऱ्या अंगाला, उत्तर किनाऱ्यावर. अंतर थोडं, पण रस्ता डोंगराच्या कण्यावरून चढतो आणि उतरतो, वळणं भरपूर, पाऊण तास धरा. इथे आहे तुमचा पाऊण तास. ज्यांना गाडीत मळमळतं त्यांनी पुढे बसा. गेस्ट हाउसवाल्याला आधी सांगितलं तर तो गाडी पाठवतो, आणि तिथला दर आम्हाला जो फोनवर सांगितला तोच उतरल्यावर घेतला. पहाटेच्या अनुभवानंतर मी पैसे देताना वरचं काय मागतोय म्हणून थांबलो, तर तो गडी गाडी वळवून निघूनही गेला. पासपोर्ट हाताशी ठेवा. रॉड्रिग्ज मॉरिशसचाच भाग आहे, 2002 पासून स्वायत्त, वेगळा व्हिसा नाही, पण कागद बघतात.

दुपारच्या विमानाने येणाऱ्यांसाठी एक खास इशारा. घड्याळ एकच असलं तरी रॉड्रिग्ज पावणेसहा रेखांश पूर्वेला आहे. म्हणजे सूर्य तिथे सुमारे तेवीस मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. सप्टेंबरात पावणेसहाच्या सुमारास अंधारायला लागतं, जूनमधे त्याहूनही आधी. बस त्याच्याही आधी आटोपतात. दुपारचं विमान दोन तास लांबलं की तुम्ही अंधारात, बसशिवाय, डोंगराळ रस्त्याच्या पलीकडे. सकाळचंच विमान घ्या. त्यासाठी आदल्या रात्री माहेबुर्ग. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे.

बेटावरचे दिवस छान गेले. त्याबद्दल फार लिहीत नाही, चांगल्या दिवसांबद्दल सल्ला काय द्यायचा. ग्राविएहून सां फ्रान्स्वापर्यंत किनाऱ्याने चालत या, वाटेत त्रू दार्जां लागेल, दोन कड्यांच्या मधे मुठीएवढा किनारा आहे. चाल अवघड नाही, पण प्रवाळाचा दगड धारदार आहे, चपला घालून जाणाऱ्याने परत येताना माझ्याकडे तक्रार करू नये. मोंत लिमों हा तिथला सर्वोच्च डोंगर, 398 मीटर, सिंहगडावर चढणाऱ्याला तो नाश्त्याआधीचा आहे. फ्रान्स्वा लेगा अभयारण्यातली मोठी कासवं पाहण्यासारखी. शनिवारचा बाजार पहाटे भरतो आणि नऊला गेलात तर आवराआवर दिसेल. मिरचीची आणि लिंबाची लोणची घ्या, बाटल्या नीट गुंडाळा.

ऑक्टोपस खायला म्हणून जाणार असाल तर महिना बघा. 2012 पासून दरवर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान साधारण दोन महिने ऑक्टोपस पकडायला बंदी असते, पिल्लं वाढावीत म्हणून. आम्ही नेमके त्यात. किनाऱ्यावर वाळत घालायच्या काठ्या उभ्या होत्या, त्यांच्यावर काहीच नव्हतं. बंदी योग्य आहे, आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी थांबते तसंच. हिला मात्र त्यासाठीच जायचं होतं. शाकाहारी मंडळींनी राजमा, मका आणि भातावर दिवस काढायची तयारी ठेवावी, गेस्ट हाउसवर आधी सांगितलं तर करून देतात.

परतीच्या दिवशी सकाळपासून पाऊस. प्लेन कोराईला आलो तर डोंगर दिसत नव्हता. विमान मॉरिशसहून निघालंच नव्हतं. छोटीशी इमारत, बसायला जागा मोजकी, सगळ्यांच्या हातात लोणच्याच्या पिशव्या. तिथल्या लोकांना ह्याचं काहीच वाटत नव्हतं. एका आजीने विणकाम काढलं. एक तास गेला, दोन गेले. तिसरा तास संपता संपता ढगातून पंख्यांचा आवाज आला आणि सगळ्यांनी एकदम पिशव्या उचलल्या. आमच्या शेजारी एक फ्रेंच जोडपं होतं, त्यांचं पॅरिसचं विमान त्याच रात्री. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मी मात्र खरं सांगतो, आतून उड्या मारत होतो. माहेबुर्गला खोली ठरलेली, मुंबईचं विमान उद्या. तारीख बदलायचे जे पैसे दिले ते ह्या सहलीत सगळ्यात सत्कारणी लागले. त्या भरात माहेबुर्गला पोचून इतकी बिर्याणी खाल्ली की रात्री त्रास झाला. तिथली बिर्याणी चांगली असते, बेताने खा.

नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा हंगाम. तेव्हा जाणाऱ्यांनी एक नाही, दोन रात्री मोकळ्या ठेवा. मॉरिशसमधे वादळाचे इशारे एक ते चार अशा श्रेणींत देतात. तिसरी श्रेणी लागली की दुकानं, बस, सगळं बंद होतं आणि लोक घरात बसतात. विमानतळही त्यातून सुटत नाही. रॉड्रिग्जसाठी इशारा वेगळा निघतो, त्यामुळे मुख्य बेटावर ऊन असलं तरी तिकडचं विमान रद्द होऊ शकतं. हवामान दोन्हीकडचं बघा.

बोटीने जाता येईल का, असं बरेच जण विचारतात. पोर्ट लुईहून पोर्ट मॅथ्युरिनला बोटीने साधारण दीड दिवस लागतो. मधे उघडा हिंदी महासागर आहे, अलिबागची लाँच नाही. बेटाला लागणारा बहुतेक माल बोटीनेच येतो, म्हणून तिचं महत्त्व आहे. आठवड्याची सुट्टी काढून आलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

तेव्हा माझा निकाल असा. एका दिवसात जाऊन येण्यासाठी रॉड्रिग्ज नाही. एक रात्र राहण्यासाठीही नाही, दोन्ही दिवस प्रवासातच जातील. तीन रात्री असतील तर जा, त्याहून जास्त असतील तर नक्की जा, आणि शेवटची एक रात्र माहेबुर्गला धरूनच हिशेब करा. मुंबई-मॉरिशस आणि मॉरिशस-रॉड्रिग्ज एकाच तिकिटावर मिळत असेल तर थोडे पैसे जास्त पडले तरी तेच घ्या. सामानाचा आणि चुकलेल्या विमानाचा दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात.

एवढं करूनही कुणाला पाऊण तासाचंच विमान हवं असेल तर रियुनियनला जा. पण तो फ्रान्सचा भाग आहे. मॉरिशसचा शिक्का तिथे चालत नाही, आणि युरोपला जाऊन आलेल्यांचा शेंगेन व्हिसाही तिथे आपोआप लागू होत नाही. कागद मुंबईतूनच करून निघा.